डोंगराला बांगड्या भरणारे दाजी

खाणीवरच्या पहिल्या दिवशी दाजींनी मला नाव विचारलं नाही. गाव विचारलं नाही, पोकलेन किती वर्षं चालवतोस तेही नाही. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं आणि म्हणाले, "लगीन झाला मां?"

म्हटलं, झालं.

"मगे बायलेच्या हाताचा माप काय?"

मला वाटलं, या भागातली बोली मला कळत नाही, म्हणून मी दुसरंच काहीतरी ऐकलं. तेव्हा त्यांनी स्वतःचं मनगट माझ्यासमोर धरून गोल फिरवलं. "बांगडीचा माप रे. काचेच्या बांगडीचा."

लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण मला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर असं काही माप असतं हेच माहीत नव्हतं. दाजी म्हणाले, "फोन लाव." मी जालन्याकडे आमच्या गावी सुनंदाला फोन लावला. कोकणात पोचलो, काम मिळतंय बहुतेक, हे सांगायच्या आधीच विचारलं, "तुझ्या बांगडीचं माप काय गं?" मग ती म्हणाली, "कुणासाठी विचारताय?" तिला पटवण्यात माझा घाम निघाला. शेवटी ती म्हणाली, दोन-चार. दाजींनी खिशातल्या वहीत लिहून घेतलं: घाटी, दोन-चार.

तेव्हापासून खाणीवर माझं नाव घाटी. त्यात अपमान नव्हता. घाट उतरून आलेला तो घाटी, एवढाच हिशोब.

आमची खाण तळेऱ्याहून देवगडकडे जाणाऱ्या रस्त्याला आत वळून आहे. वर कातळ, त्यावर काजूची झाडं, त्याखाली तांबडा जांभा, मग पांढऱ्या चिकणमातीचा पट्टा आणि त्याच्याखाली काळा दगड. डोंगर वरून कापत आणलेला. तीन मोठ्या पायऱ्या, एकेक दोन माणूस-तीन माणूस उंच. तळाशी माझी मशीन. समोर भिंत, डोक्यावर भिंत. पहिल्या दिवशी मान वर करून बघितलं आणि ते बघणं अजून थांबलेलं नाही.

मी मुळातच भित्रा. सातवीत मास्तरांनी फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं. उठलो तो फळ्याकडे न जाता दाराकडे गेलो आणि पुन्हा शाळेत गेलो नाही. नंतर ट्रॅक्टर धुतले, जेसीबीवर हाताखाली राहिलो, पोकलेन शिकलो. हात चांगला बसला, पण कागद भरायला दिला की अजून दाराकडे नजर जाते. इथंही तेच झालं. खाणमालक शेटनी फॉर्म पुढे केला आणि मी पेन धरून नुसता बसलो. शेट म्हणाले, "ह्येका लिवूक येना नाय आणि ह्यो भियता कित्याक? मशीनवर बसान असोच भियालो तर?"

दाजी खाणीचे मुकादम. ते दारातून म्हणाले, "भियता मां? मगे ठेवा तेका. न भिणारो माका नको."

भित्रेपणावर नोकरी मिळालेला माणूस महाराष्ट्रात मी एकटाच असेन. घरी पहिल्या महिन्याचे पैसे पोचले तेव्हा सुनंदाने विचारलं, साहेब कसे आहेत? मी म्हटलं, साहेब माहीत नाहीत, दाजी आहेत. ती हसली. आमच्याकडे दाजी म्हणजे बहिणीचा नवरा. इथं तसं काही नाही. दाजी नावाचेच दाजी. वय साठीच्या पुढं, अंगाने काटकुळे, खांद्यावर पंचा, हातात पहार आणि कमरेला कापडी पिशवी. पिशवीत बांगड्या.

आता त्या बांगड्यांचं सांगतो.

डोंगराला जिथं जिथं चीर गेलेली असे, तिथं दाजी अर्धी बांगडी आडवी लावत. एक टोक चिरेच्या या बाजूला, दुसरं त्या बाजूला, दोन्हीकडे लवकर सुकणारी पुट्टी. चीर केसभर जरी उघडली तरी काच ताण सोसत नाही, फुटते. रोज सकाळी कामाच्या आधी दाजी फिरून सगळ्या बांगड्या बघत. आणि जी चीर ज्या माणसाच्या डोक्यावर, तिथं त्या माणसाच्या बायकोच्या मापाची बांगडी. लग्न झालेलं नसेल तर आईच्या.

मी विचारलं, "दाजी, मापाचं काय एवढं? काच ती काच."

"काच ती काच?" दाजी माझ्याकडे असे बघत राहिले जणू मी देवळात चप्पल घालून शिरलो होतो. "हंय फुटली तर थंय फुटूची नाय. समाजला?"

हंय म्हणजे इथं आणि थंय म्हणजे तिथं, एवढं कळलं; बाकी समजायला मला दोन दिवस लागले. समजलं तेव्हा मी मशीनच्या केबिनमध्ये होतो आणि सुनंदाचं मनगट डोळ्यांपुढे आलं.

बाजारातल्या कासारणीला मात्र हे कोण सांगणार? बिनलग्नाचा म्हातारा दर आठवड्याला येतो आणि दोन-चार, दोन-सहा, अडीच, सगळ्या मापाच्या हिरव्या बांगड्या नेतो. तिनं एकदा आमच्या हसनभाईंना गाठून विचारलं, "दाजींचा नेमका किती ठिकाणी आसा?" हसनभाई विजयदुर्गाकडचे, आमच्याकडे भोकं पाडायच्या यंत्रावर. ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "नऊ ठिकाणी. आणि एक तर सासूच आसा."

यात खोटं काही नव्हतं. दाजींनी चिरांना नावं दिली होती. आंब्याखालची, वाकडी, रडकी (तिच्यातून बारा महिने पाणी झिरपे). आणि सर्वात मोठी, माझ्या डोक्यावरच्या पायरीवरून मागे गेलेली, ती सासू. "दिवसभर काय बोलूची नाय," दाजी सांगत, "पण रागावली की घर खाली करता."

दगड ओळखायची त्यांची रीत वेगळीच. पहारीने ठोकत आणि कान लावत. खण्ण वाजला की दगड जिवंत. बद्द वाजला की आत पोकळ. "आयकलंस?" ते मला म्हणत. "बद्द. आमच्या शेटच्या भाषणासारखो." चिरेचा कल कुठं आहे ते बघायला ते फटीत सपाट लाकडी पट्टी घालत आणि तिच्याकडे बोट दाखवत. "डोंगराकडे कललेली चीर घरात रवता. खाणीकडे कललेली चीर घर सोडता. आज नाय तर उद्या." सासू खाणीकडे कललेली होती. हे दाजींनी मला इतक्या वेळा सांगितलं की मी स्वप्नातसुद्धा मान वर करून बघत असे.

पावसाळ्यानंतर एक इंजिनीयर मॅडम आल्या, शेटनी बोलावलेल्या. होकायंत्र, नकाशे, तिवईवरचं यंत्र. उंची मोजली, कल मोजले. दाजी पहार घेऊन मागेमागे, परीक्षेला बसल्यासारखे. मॅडमनी बांगड्या बघितल्या आणि थांबल्या. मला वाटलं आता हसतील. त्या म्हणाल्या, "पद्धत बरोबर आहे. आम्ही काचेच्या सरळ पट्ट्या लावतो. त्या मिळतील का?"

"ती काच खिडकेची," दाजी म्हणाले. "खिडकी फुटली तर कोण रडता?"

मॅडमनी हे वहीत लिहून घेतलं की काय, कोण जाणे. त्यांनी एवढंच सांगितलं की काचेवर धूळ बसली की फुटलेली दिसत नाही, म्हणून रोज पुसत जा. दाजींनी तिथल्या तिथं खांद्यावरचा पंचा काढला आणि मग विचारलं, "बाय, तुझ्या हाताचा माप?" मॅडमनी न लाजता सांगितलं. वहीत नोंद झाली.

परत जाताना गेटाजवळच्या काळ्या कातळापाशी मॅडम पुन्हा थांबल्या. तिथंही एक बांगडी चिकटवलेली होती. अर्धी नव्हे, अख्खी. लहानशी. मॅडमनी हात फिरवून बघितला. "ही इथं कशाला? इथं चीरच नाही. अख्खा दगड आहे."

ज्या माणसाकडे डोंगराच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं, तो माणूस म्हणाला, "चाय घेतलास काय?" आणि उत्तराची वाट न बघता चालू पडला.

मॅडमच्या कागदात काय होतं ते हसनभाईंनी वाचून दाखवलं. सासूखालची जागा मोकळी ठेवा, तो भाग आधी वरून उतरवून घ्या, मग खाली खोदा. शेट म्हणाले, करूया, दिवाळी होवंदे. तोवर मी तिथंच खोदत होतो.

आता गाऱ्हाण्याचं सांगायला हवं, कारण चूक तिथं झाली.

इथं काहीही सुरू करायचं म्हणजे आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एकजण मोठ्यानं मागणं मागतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला म्हणतात, "व्हय म्हाराजा!" आमच्या खाणीवर हे रोज. गेटाजवळ राखणदाराचा दगड, त्याला दोन अगरबत्त्या, दाजी हात जोडून पुढे आणि आम्ही आठ-नऊ जण मागे. पण दाजींचं गाऱ्हाणं म्हणजे अर्धं देवाला आणि अर्धं आम्हाला असे. डोंगराची हजेरीच ती.

"बा राखणदारा म्हाराजा, ही तुझी लेकरा तुझ्या अंगाखांद्यार काम करतत…"

"व्हय म्हाराजा!"

"आंब्याखालची शाबूत आसा…"

"व्हय म्हाराजा!"

"रडकी आज वायच जास्त रडता, हसनान जपान रवाचा…"

"व्हय म्हाराजा!" हसनभाईंचा आवाज सगळ्यांत मोठा. वर हळूच "आमीन" जोडत. विचारलं तर म्हणत, "दोनय बाजूंनी पक्का केलेला बरा."

पहिल्या महिन्यात मी एकेक शब्द जीव मुठीत धरून ऐकत असे. मग बोली कळायला लागली, जेवण आवडायला लागलं, झोप लागायला लागली आणि गाऱ्हाणं हे सकाळच्या चहासारखं झालं. तोंड आपोआप उघडे. डोक्यात डिझेल किती आहे, सुनंदाचा फोन आला नाही, पोरीचा खोकला. म्हाराजा आला की व्हय म्हणायचं.

दिवाळी झाली. दोन दिवस अवकाळी पडून गेला. तिसऱ्या दिवशी ऊन, सगळ्यांना कामाची घाई. दाजी वरून फिरून खाली आले. चेहरा नेहमीचाच. अगरबत्त्या पेटवल्या.

"…आंब्याखालची शाबूत आसा…"

"व्हय म्हाराजा!"

"वाकडी शाबूत आसा…"

"व्हय म्हाराजा!"

"सासूची बांगडी फुटली हा, आज सासूच्या पायाकडे कोणी जावचा नाय…"

"व्हय म्हाराजा!"

नऊच्या नऊ जण. एका सुरात. त्यात मीही. आणि मग आम्ही गेलो. हसनभाई यंत्राकडे, बाकीचे आपापल्या जागी, आणि मी खाली उतरून मशीन चालू करून सासूच्या पायाशी बादली लावली.

दाजींची चूक एवढीच की त्यांना आमचं व्हय खरं वाटलं. ते निश्चिंत मनाने शेटना फोन करायला वरच्या शेडकडे गेले.

केबिन बंद, इंजिनाचा आवाज. मी तिसरी बादली भरत होतो तेव्हा समोरच्या काचेवर काहीतरी खळ्ळकन फुटलं. हिरवं. मग दुसरं, तिसरं. मला वाटलं डोंगर आला. डोळे मिटून मी दांड्यांना धरून बसलो. उघडले तर पुढे दाजी, पिशवीतून बांगड्या काढून मूठ मूठ काचेवर फेकतायत आणि तोंड उघडझाप होतंय. आवाज एक नाही. इंजिन बंद केलं तेव्हा फक्त शेवट ऐकू आला.

"…मेल्या, व्हय म्हटलंस मां? व्हय म्हटलंस मां रे?"

त्यांनी मला मनगट धरून ओढत बाहेर नेलं. माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठा माणूस, त्या पकडीतून हात सुटेना.

शेट तासाभरात आले. भिंत तशीच उभी. ऊन पडलेलं, काजूवर पाखरं. शेट बघत राहिले आणि म्हणाले, "दाजीनू, डोंगर उभो आसा. एक बांगडी फुटली म्हणान खाण बंद? बाजारात रोज फुटतत. डोंगरान बांगड्यो भरल्यान हत, म्हणान आमीय भरूच्यो काय?" दोनचार जण हसले. मला हसू येईना. माझ्या डोक्यात दोन भीत्या एकदम फिरत होत्या. डोंगर पडला तर मी मेलो आणि नाही पडला तर दाजींच्या नादाने काम थांबवलं म्हणून माझी नोकरी गेली. कुठली मोठी ते ठरवता येईना. लाज वाटते, पण क्षणभर मला वाटलं, पडावाच एकदा.

दाजी भांडले नाहीत. म्हणाले, "चाय घेवया. तवसर मी नवी लावतंय. ती शाबूत रवली तर घाट्याक मीच खाली सोडतंय." ते पलीकडच्या वाटेने वर चढले, सासूच्या मागच्या, पक्क्या बाजूला पालथे झोपले आणि हात लांबवून नवी बांगडी लावली. खाली येऊन आमच्यात बसले. चहा गार होत गेला. पुट्टी सुकायला लागतो तेवढा वेळ गेला, त्यावर आणखी तेवढाच. मग दाजी पुन्हा वर गेले.

खाली आले तेव्हा मूठ मिटलेली. शेटच्या तळहातावर त्यांनी दोन हिरवे तुकडे ठेवले.

शेटनी तुकडे बोटाने हलवले. मग म्हणाले, "कोणाच्या मापाची ही?"

"ह्या घाट्याच्या बायलेच्या. दोन-चार."

शेटनी माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, त्या दिवसापर्यंत त्यांनी मला नीट बघितलंच नव्हतं. तुकडे त्यांनी टाकले नाहीत, शर्टाच्या खिशात घातले. "मशीन मागे घे," म्हणाले. "पण वेगळ्या वाटेन. आणि दाजी सांगतीत तेवाच." दाजी पायरीवर उभे राहून सासूकडे बघत होते. त्यांनी हात वर केल्यावर मी धावत जाऊन मशीन काढली. तेवढ्या दोन मिनिटांत मी किती देवांना किती नारळ बोललो ते अजून फेडतोय.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बसलो होतो, गेटाजवळ, सगळे. आधी चार खडे घरंगळले. मग थोडी माती. मग सासू उठली. आवाज मोठा नव्हता असं मला आठवतं, हसनभाई म्हणतात कान बधिर झाले. धूळ खाली बसली तेव्हा मी तिसरी बादली जिथं भरत होतो तिथं घराएवढे दगड होते.

कोणी "सांगितलं नव्हतं?" म्हणालं नाही. दाजी तर नाहीच. त्यांनी डब्यातली भाकरी पुन्हा उघडली, घास केला आणि तो तसाच हातात धरून बसले.

मी सुनंदाला फोन लावला. म्हटलं, "हातात बांगड्या आहेत ना?"

"आहेत की. काय झालं? दुपारीच प्यायलात काय?"

"नाही," म्हटलं. "असंच."

संध्याकाळी हसनभाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. दाजींचा थोरला भाऊ मिठबावला होता, चिरेखाणीत चिरे, म्हणजे जांभ्याचे घडीव दगड, काढायचा. दाजी त्याच्याच हाताखाली. एका सकाळी दाजींनी त्याला सांगितलं, भाऊ, वर चीर आसा. भाऊ चिऱ्यावर रेघ मारत होता. मान वर न करता म्हणाला, "व्हय." आणि आत गेला. नंतर बायकांनी वहिनीला विहिरीवर नेलं आणि तिच्या हातातल्या बांगड्या फोडल्या. "दाजी थंयच उभो होतो," हसनभाई म्हणाले. "तेवां वीसेक वर्षांचो आसात." वहिनी अजून मिठबावला आहे. दाजी दर रविवारी एसटीने जातात, तिच्या पडवीत बसतात, कौलं-बिलं सारखी करतात, परत येतात.

दुसऱ्या सकाळपासून गाऱ्हाण्यातलं "व्हय म्हाराजा" बंद झालं. आता दाजी चिरेचं नाव घेतात आणि जो तिच्याखाली असेल त्याने दाजी काय म्हणाले ते परत म्हणून दाखवायचं, शेवटी आपल्या बायकोचं माप सांगायचं. राखणदाराला हे कसं वाटतं माहीत नाही. नवीन ट्रकवाले ऐकतात तेव्हा त्यांना वाटतं, हे कासारांचं गाव आहे.

परवा बांगड्या पुसायला दाजींबरोबर मी गेलो होतो. पिशवी माझ्याकडे, पंचा त्यांच्याकडे. सगळ्या झाल्या. शेवटी गेटाजवळचा तो काळा कातळ. लहानशी, अख्खी बांगडी, ऊन पडलं की हिरवी सावली पाडणारी. दाजींनी ती एकदा पुसली, मग पुन्हा पुसली.

मला राहवलं नाही. म्हटलं, "दाजी, इथं चीर नाही."

"म्हणानच हंय लावलंय."

दाजींनी पहार उचलली आणि बांगडीच्या वर, जरा लांब, हलकेच ठोकली. खण्ण.

"दोन-दोन," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता, दगडाकडे बघत. "वयनीचा हात बारीक. ह्यी एक फुटूची नाय. आयकलंस?"

ऐकलं होतं. दगडाचा आवाज विरेपर्यंत मी थांबलो आणि मग म्हणालो, "व्हय."